एम.ए. जर्मन-फ्रेंचचा संशोधन प्रकल्प: आधी काय, मग काय

दरवर्षी जुलैमध्ये दोन-तीन विद्यार्थी शीर्षक ठरवूनच माझ्यासमोर येतात. 'जर्मन साहित्यातील स्त्री', 'युरोप आणि भारत: सांस्कृतिक अनुबंध', अशी. "पुस्तक कोणतं घेणार?" असं विचारलं की उत्तर येतं, "ते बघायचंय, मॅडम." त्यातले बहुतेक फेब्रुवारीत पुन्हा येतात. तेव्हा शीर्षक तेच असतं, पुस्तक तीनदा बदललेलं असतं आणि लिहून झालेली असतात अकरा पानं, त्यातली सात लेखकाच्या चरित्राची.

ही मुलं हुशार असतात, भाषाही बरी असते. चुकतो तो क्रम. मराठीत किंवा इंग्रजीत संशोधन करताना आधी विषय आणि मग पुस्तकं हे एकवेळ चालून जातं, कारण पुस्तक मिळतं आणि मिळालं की भराभर वाचता येतं. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश किंवा पोर्तुगीजमध्ये या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या.

महाराष्ट्रातल्या नव्या अभ्यासक्रमरचनेत एम.ए.च्या तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट आहेत. तुमच्या विभागाची पानांची मर्यादा, तारखा आणि गुणांची विभागणी माहितीपुस्तिकेतून आधी उतरवून घ्या. सीनिअरने सांगितलेलं धरून चालू नका. उदाहरणं जर्मनची जास्त आहेत, कारण मी तेच शिकवते. बाकी भाषांत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

## टप्पा १: मूळ पुस्तक हातात घ्या, विषय नंतर

'हातात' म्हणजे पूर्ण मजकूर, पानांचे आकडे असलेला, आणि आवृत्ती कोणती ते ठाऊक असलेला. यातलं एक जरी नसलं तरी ते पुस्तक तुमच्याकडे नाही असंच समजा.

आवृत्तीबद्दल इतका आग्रह का, ते काफ्काच्या एका कादंबरीवरून कळेल. त्याची अमेरिकेवरची अपूर्ण कादंबरी मित्र माक्स ब्रोडने १९२७मध्ये 'अमेरिका' या नावाने छापली. नाव ब्रोडचं, मजकुरावर हातही त्याचा. १९८३च्या चिकित्सक आवृत्तीत तीच कादंबरी हस्तलिखिताबरहुकूम 'डेअर फेरशोलेनं', म्हणजे 'बेपत्ता झालेला', या नावाने आली. आता कोणी काफ्काच्या विरामचिन्हांवर किंवा प्रकरणांच्या रचनेवर प्रकल्प करायला घेतला आणि अवतरणं फुकटच्या संकेतस्थळावरच्या जुन्या मजकुरातून उचलली, तर तो अभ्यास काफ्काचा होतो की ब्रोडचा?

'प्रोयेक्ट गुटेनबेर्ग-डीई'वर वाचायला माझी हरकत नाही. तिथे छापील पानांचे आकडे नसतात आणि कोणती आवृत्ती वापरली हे दर वेळी स्पष्ट होत नाही. तिथे वाचा, आवडलं तर छापील प्रत मिळवा आणि अवतरणं त्यातूनच घ्या. नाटकांच्या बाबतीत तर दुप्पट जपा, कारण पहिल्या प्रयोगाचा मजकूर आणि पुढे छापलेला मजकूर पुष्कळदा वेगळे असतात.

प्रत शोधताना आपल्या विभागाचं कपाट आधी बघा. निवृत्त प्राध्यापकांनी दिलेली पुस्तकं तिथे असतात आणि त्यांची नोंद अनेकदा संगणकावर नसते. नंतर विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय. पुण्या-मुंबईत जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन (ग्योथे इन्स्टिट्यूट) आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज. ग्योथे इन्स्टिट्यूटचं 'ऑनलाइए' आणि फ्रेंचचं 'क्युल्त्युरथेक' ही ई-ग्रंथालयं नागपूर किंवा कोल्हापुरात बसूनही वापरता येतात. जुन्या पोर्तुगीज छापील साहित्यासाठी पणजीच्या कृष्णदास शामा राज्य केंद्रीय ग्रंथालयाला पर्याय नाही. तिथे एक फेरी नव्हे, चार दिवस राहायची तयारी ठेवून जा. परदेशातून पुस्तक मागवायचं असेल तर काही आठवडे जातात, ते वेळापत्रकात धरा.

तपासा: संपादक, प्रकाशक, गाव, वर्ष आणि कितवी आवृत्ती, या पाच गोष्टी पुस्तक उघडून सांगता येतात का? येत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: स्वतःचा वाचनाचा वेग मोजा

याला दोन तास लागतात आणि हा टप्पा जवळपास सगळे गाळतात.

मूळ पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचा. अडेल तिथे शब्दकोश बघा, समासात खूण करा. प्रकल्पासाठी जसं वाचाल तसंच. मग त्याच भाषेतल्या एखाद्या समीक्षालेखाची पाच पानं वाचा. दोन्हींचे ताशी आकडे लिहून ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा येतो, कधी त्याहून कमी. जर्मन समीक्षेतलं एक वाक्य अर्धं पान चालतं, आणि बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीची भाषापरीक्षा, पास झालेल्याचीही तिथे दमछाक होते. यात लाजण्यासारखं काही नाही, मात्र आकडा खरा लिहा.

आता हिशेब. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले तर १० क्रेडिटचे ३०० तास होतात. समजा, २५० पानांची कादंबरी तुम्ही ताशी ८ पानांनी वाचता: ३१ तास. टिपणं काढत दुसरं वाचन याच्या दुप्पट: ६२ तास. वीस-वीस पानांचे १५ लेख ताशी ४ पानांनी: ७५ तास. इथेच १६८ संपले. उरलेल्या १३२ तासांत चाळीस पानं लिहायची, गाइडने परत केली की पुन्हा लिहायची आणि संदर्भसूची लावायची. होतं, पण जेमतेम. आता या हिशेबात दुसरी कादंबरी टाकून बघा. 'दोन कादंबऱ्यांचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय इथेच गळतो. फेब्रुवारीत गळण्यापेक्षा जुलैत गळलेला बरा.

थांबा: वेग ताशी ५ पानांच्या आत असेल तर कादंबरी घेऊ नका. कथा, एकांकिका, पत्रव्यवहार, एका लेखकाचे दहा-बारा वृत्तपत्रीय लेख किंवा कवितासंग्रहातला एक गट घ्या. लहान मजकुराचा प्रकल्प कमी दर्जाचा ठरत नाही. माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या प्रकल्पांपैकी एक फक्त सतरा पानांच्या कथेवर होता.

## टप्पा ३: विषयाचा प्रश्न करा

जर्मनमध्ये याला 'फ्रागेस्टेलुंग' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'प्रोब्लेमातिक'. शेवटी प्रश्नचिन्ह देता येत नसेल, तर तो विषय अजून कच्चा आहे. नुसतं प्रश्नचिन्ह देऊनही भागत नाही. प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातातल्या मजकुरातून निघालं पाहिजे.

एक विषय सोलून दाखवते. 'ब्रेश्ट आणि मराठी रंगभूमी' या विषयात पीएच.डी.ही बुडेल. त्यातून एक नाटक घेऊ: जर्मन नाटककार ब्रेश्टचं १९२८चं 'डी ड्रायग्रोशनओपर' आणि पु. ल. देशपांडे यांचं १९७८चं 'तीन पैशाचा तमाशा'. हेही अजून मोठंच आहे, कारण पात्रं, भाषा, राजकारण, संगीत सगळं त्यात येतं. फक्त गाणी घेऊ. 'मूळ नाटकातल्या कोणत्या गाण्यांच्या जागी मराठीत कोणता गेय प्रकार आला, आणि त्यामुळे गाणाऱ्या पात्राचं प्रेक्षकांशी असलेलं नातं कुठे बदललं?' आता हातात मोजता येण्याजोगं साहित्य आहे, बाजूबाजूला मांडता येतील असे दोन रकाने आहेत आणि उत्तर आधी ठाऊक नाही. ठाऊक असलेल्या उत्तराचा प्रश्न विचारायची मुलांना फार सवय असते. 'ब्रेश्टचा मराठी रंगभूमीवर प्रभाव आहे का?' असं विचारून चाळीस पानांनी 'आहे' म्हणण्यात काय हशील?

भाषांतराशी संबंधित प्रश्न असेल, आणि आपल्याकडे निम्मे प्रकल्प तसेच असतात, तर लिहिण्याआधी मजकुराची वंशावळ काढा. कोणी, कोणत्या भाषेतून, कोणत्या प्रतीवरून भाषांतर केलं? याच ब्रेश्टच्या नाटकामागे जॉन गेचं १७२८चं इंग्रजी संगीतनाटक आहे आणि ते ब्रेश्टसाठी जर्मनमध्ये आणलं एलिझाबेथ हाउप्टमानने. मराठी रूपांतरकारापुढे यातली कोणती प्रत होती, हे न तपासता 'मराठीत हे गाळलं, ते वाढवलं' असं लिहू नका.

वंशावळीची सर्वांत महाग चूक शाकुंतलाच्या बाबतीत होते. गेऑर्ग फॉर्स्टरचं जर्मन 'साकोन्टाला' १७९१चं. संस्कृत येणारा विद्यार्थी ते उत्साहाने घेतो, कालिदासाशी ओळीला ओळ लावतो आणि फॉर्स्टरच्या 'चुकां'ची यादी करतो. फॉर्स्टरने भाषांतर केलं ते विल्यम जोन्सच्या १७८९च्या इंग्रजीवरून. आणि जोन्सनेही आधी लॅटिन करून मग इंग्रजी केलं होतं. यादीतल्या बऱ्याच 'चुका' जोन्सच्या निघतात. दोन महिन्यांची मेहनत, आणि मधला एक रकाना नसल्याने सगळी वाया.

तपासा: प्रश्न घरी मराठीत, एका श्वासात, भाषेशी संबंध नसलेल्या माणसाला सांगा. त्याने "मग उत्तर काय निघालं?" असं विचारलं तर प्रश्न झाला. "छान!" म्हणून तो चहा प्यायला लागला तर परत बसा.

## टप्पा ४: आता गाइडकडे

बरेच जण इथून सुरुवात करतात आणि "मॅडम, तुम्हीच एखादा विषय द्या ना" म्हणतात. दिलेल्या विषयावर काम करताना विद्यार्थी पहिल्या अडचणीलाच हात टेकतो, कारण विषय त्याचा नसतो.

पहिल्या भेटीआधी दोन दिवस एक पानाचा मेल करा. त्यात पुस्तक आणि आवृत्ती, प्रश्न, वाचनाचा वेग आणि तासांचा हिशेब, वाचलेले दोन लेख आणि तुम्हाला न सुटलेली एक गोष्ट, एवढं असू द्या. मेल प्रकल्पाच्या भाषेत लिहा. तुमचं लेखन कुठवर आलं आहे ते गाइडला तिथेच कळतं आणि पुढे जानेवारीत दोघांनाही धक्का बसत नाही.

विभाग लहान असतात. तुमच्या विषयातला जाणकार तिथे असेलच असं नाही. भाषाविज्ञानाच्या सरांकडे कविता आणि साहित्याच्या मॅडमकडे व्याकरण, असं होतं. विषय मराठीशी जोडलेला असेल तर मराठी विभागातल्या कोणाला अधूनमधून दाखवण्याची परवानगी गाइडकडून आधीच घ्या. गाइडला न सांगता दुसऱ्या प्राध्यापकांकडून प्रकरण तपासून घेतलं, की त्याचा त्रास विद्यार्थ्यालाच होतो.

सिनॉप्सिस त्यानंतर. तीन-चार पानांत प्रश्न, आधी झालेलं काम, पद्धत, प्रकरणं, वेळापत्रक आणि सूची. 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली आठ कलमं लिहायची फॅशन आहे. त्यातली सहा एकच असतात, दोन ठेवा. आधी झालेल्या कामाचा भाग मात्र खराखुरा हवा: कोणी काय म्हटलं, त्यातलं तुम्हाला काय पटत नाही किंवा कुठे जागा रिकामी आहे. 'या विषयावर आजवर काम झालेले नाही' हे वाक्य लिहिण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आणि त्या भाषेतल्या ग्रंथालयांच्या सूचींमध्ये शोधा. इंग्रजीत शोधून काही न मिळणं याला पुरावा म्हणत नाहीत.

## टप्पा ५: शोध, आणि जुन्या स्पेलिंगचा फास

साधने फुकट आणि भरपूर आहेत. फ्रेंचसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गालिका', लेखांसाठी 'पेर्से' आणि 'ओपन एडिशन'. जर्मनसाठी 'डॉइचेस टेक्स्टआर्किव्ह'; वृत्तपत्रांसाठी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ॲनो' आणि जर्मनीचं 'डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल'. स्पॅनिशसाठी 'एमेरोतेका दिखिताल' आणि मिगेल दे सर्वांतेसच्या नावाचं आभासी ग्रंथालय. शब्दांच्या इतिहासासाठी जर्मनचं 'डीडब्ल्यूडीएस' आणि फ्रेंचचं 'सीएनआरटीएल' ही दोन पानं ब्राउझरमध्ये कायम उघडी ठेवा.

तरीही मुलं "काहीच सापडत नाही" म्हणत येतात, कारण ती आजचं स्पेलिंग घालून शोधतात.

जर्मनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत 'टाइल' (भाग), 'टाल' (दरी), 'ट्यूर' (दार) हे शब्द 'टी-एच'ने लिहीत. १९०१च्या परिषदेनंतर तो 'एच' गेला. म्हणून १८८०चं वृत्तपत्र शोधताना दोन्ही रूपं घाला. शिवाय त्या काळची छपाई बहुधा फ्राकटूर या जुन्या टोकदार वळणाच्या अक्षरांत, आणि त्यातला लांब 'एस' थेट 'एफ'सारखा दिसतो. यंत्राने केलेल्या अक्षरओळखीत 'वासर' म्हणजे पाणी, हे 'वाफर' होऊन बसतं. हव्या त्या शब्दात 'एस' असेल तर त्या जागी 'एफ' टाकून एकदा शोधून बघा. पहिल्यांदा हसू येतं, मग निकाल येतात.

फ्रेंचमध्ये अपूर्ण भूतकाळाची रूपं आज 'ए-आय-टी'ने संपतात. अकादमीने हे १८३५च्या कोशात मान्य केलं. त्याआधीच्या छपाईत बहुधा 'ओ-आय-टी' मिळेल. पोर्तुगीजमध्ये १९११च्या सुधारणेने 'पी-एच' जाऊन 'एफ' आला आणि दुहेरी व्यंजनं बहुतेक ठिकाणी एकेरी झाली. गोव्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांवर काम करणाऱ्याने जुन्या-नव्या रूपांची आपली छोटी यादी करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

थांबा: शोधाला तारीख लावा. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस नवे लेख गोळा करणं बंद. पीडीएफ साठवल्याने वाचल्याचं समाधान मिळतं, वाचन होत नाही.

## टप्पा ६: टिपणं

दर टिपणात तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: मूळ शब्द अवतरणचिन्हांत आणि पानासह, तुमचा सारांश, आणि तुमचं मत. तीन रंग वापरा, तीन रकाने करा, काहीही करा. मार्चमध्ये स्वतःची वही उघडल्यावर एखादं सुंदर फ्रेंच वाक्य दिसतं आणि ते आपलं की कोणाचं हे आठवत नाही. चोरीची निम्मी प्रकरणं अशाच विसरण्यातून होतात.

मूळ अवतरण मूळ भाषेतच उतरवा. सोयीसाठी फक्त मराठी किंवा इंग्रजी सारांश लिहून ठेवला की नंतर तो पुन्हा जर्मनमध्ये न्यावा लागतो, आणि तिसऱ्याच माणसाचं वाक्य तयार होतं.

संदर्भ साठवून सूची लावणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. त्यात एक बारीक खाच आहे: प्रत्येक नोंदीत 'भाषा' हा रकाना भरा. तो रिकामा असला आणि तुम्ही संदर्भ देण्याची एमएलए शैली निवडली, की झोटेरो शीर्षक इंग्रजी समजून शब्दांची पहिली अक्षरं मोठी करतं. जर्मनमध्ये मोठं अक्षर नामालाच असतं, क्रियापदांनाही ते लागलं की परीक्षकाची नजर पहिली तिथेच जाते.

## टप्पा ७: भेटी

दर पंधरा दिवसांनी, अर्धा तास. जाताना लिहिलेलं काहीतरी न्या, दोन पानं का होईना. आल्यावर त्याच संध्याकाळी तीन ओळींचा मेल: काय ठरलं, मी काय करणार, कधीपर्यंत. गाइडला अठरा तासिका, पेपर तपासणी आणि इतर सहा विद्यार्थी असतात. सप्टेंबरमध्ये काय सांगितलं ते डिसेंबरमध्ये आठवेलच असं नाही. लेखी असलं की वाद राहत नाही.

काम झालं नाही म्हणून भेट टाळू नका. विद्यार्थी गायब होतो तो असाच: एक भेट चुकते, मग लाज, मग दुसरी. "सर, या वेळी काही झालं नाही, इथे अडलोय" एवढं सांगायला दहा मिनिटं पुरतात.

## टप्पा ८: लिहायला सुरुवात मधल्या प्रकरणापासून

प्रस्तावना आधी लिहू नका. लेखकाचं चरित्र तर मुळीच नको. प्रश्नाला लागेल तेवढं दोन परिच्छेदांत नंतर येईल. मजकुराचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या विश्लेषणाची तीन पानं लिहा. ती गाइडकडून तपासून घ्या. भाषेतल्या नेहमीच्या चुका इथेच कळल्या तर पुढची पस्तीस पानं वाचतात.

आता सगळ्यांत नाजूक भाग. आज बरेच जण मराठीत विचार करतात, इंग्रजीत लिहितात आणि भाषांतराच्या यंत्रातून जर्मन करून आणतात. वाक्यं चकचकीत येतात. दुसऱ्या पानावर मी विचारते, "इथे कोन्युंक्टिव्ह (दुसऱ्याचं म्हणणं किंवा कल्पना सांगणारं क्रियापदरूप) का वापरलाय?" आणि समोर शांतता. तुमच्या विभागाचा आणि विद्यापीठाचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि पाळा. माझा सल्ला एवढाच: कच्चा मसुदा थेट त्या भाषेत लिहा, छोट्या वाक्यांत, चुकत. कोश वापरा, एखाद्या शब्दप्रयोगाची खात्री यंत्रावर करा. परिच्छेद त्यातून काढू नका. दुसऱ्याचा इंग्रजी लेख यंत्राने जर्मन करून आपल्या नावाने घालणं ही चोरीच आहे. तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती दिसेल न दिसेल, तो लेख वाचलेल्या गाइडला दिसते.

आपल्या मुलांच्या हमखास चुका इंग्रजीतून येतात. 'आक्टुएल' म्हणजे 'सध्याचा', इंग्रजी 'ॲक्चुअल' नव्हे. 'एव्हेंटुएल' म्हणजे 'कदाचित', 'अखेरीस' नव्हे. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्येही या दोन शब्दांची भावंडं अशीच फसवतात. जर्मन 'आल्झो' म्हणजे 'म्हणून'. समीक्षकाचं म्हणणं सांगताना ते त्याचं आहे हे क्रियापदातून दिसलं पाहिजे, नाहीतर त्याचं मत तुमचं ठरतं. कथानक सांगताना वर्तमानकाळ. आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवणं मराठी माणसाला खरं तर जड जाऊ नये, आपण जन्मभर तेच करतो. तरी इंग्रजी मध्ये आलं की तेही हुकतं.

मराठी अवतरणं द्यायची असतील तर देवनागरीत द्यायची की रोमन लिप्यंतरात, हे गाइडशी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. संस्कृतासाठीची नेहमीची लिप्यंतर-पद्धत मराठीला जशीच्या तशी लागत नाही. तिच्यात खाली टिंब दिलेला 'एल' हा 'ऌ' या स्वरासाठी आहे. आपल्याला तो 'ळ'साठी हवा, आणि आयएसओ १५९१९ या मानकात तो तसा आहे. शब्दाच्या शेवटी न उच्चारलेला 'अ' लिहायचा की नाही तेही एकदाच ठरवा. अवतरणाखाली प्रकल्पाच्या भाषेत तुमचं भाषांतर आणि 'भाषांतर माझे' ही नोंद हवीच.

तपासा: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवा. टप्पा ३मधल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा तिथे आहे का? नसेल तर ते प्रकरण अजून माहितीच आहे.

## टप्पा ९: सूची, साम्यतपासणी, ब्लॅक बुक (बांधलेली प्रत)

आडनावांत जपा. 'गार्सिया लोर्का' हे दोन्ही मिळून आडनाव, नोंद 'गार्सिया'खाली. पोर्तुगीजमध्ये शेवटच्या नावाखाली, म्हणून 'केइरोश, एसा द'. जर्मन 'फोन' आणि फ्रेंच 'द' मागे जातात: ग्योथे 'जी'खाली, सिमोन द बोव्हार 'बी'खाली, पण 'ला फोंतेन' मात्र 'एल'खाली. अवतरणचिन्हं त्या भाषेची वापरा. जर्मनमध्ये उघडणारं चिन्ह ओळीखाली असतं, फ्रेंचमध्ये कोनदार चिन्हं आणि आत थोडी जागा. वर्डमध्ये तपासणीची भाषा बदलली की बऱ्याच गोष्टी आपोआप होतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठीची मुदत सहा महिन्यांपर्यंतचीच. संदर्भासह दिलेली अवतरणं आणि सूची यातून वगळतात, पण अवतरणचिन्हं नसतील तर यंत्राला ते अवतरण आहे हे कळायचं कसं? आपला अहवाल अंतिम तारखेच्या निदान दहा दिवस आधी काढून घ्या.

बाइंडिंगला देण्याआधी पीडीएफ करा, वर्ड फाइल देऊ नका. दुकानातल्या संगणकावर फाँट नसला की उमलाउट (जर्मन स्वरांवरची दोन टिंबं) आणि ॲक्सेंटच्या जागी चौकोन येतात. सोनेरी अक्षरांतल्या शीर्षकातला 'ऊ'वरचा उमलाउट गायब झालेलं काळं पुस्तक मी दोनदा पाहिलं आहे. एक प्रत छापून चाळा, मगच बाकीच्या काढा.

## टप्पा १०: व्हायवा (तोंडी परीक्षा)

परीक्षक बहुधा तीन गोष्टी विचारतात: हाच मजकूर का, उत्तर काय निघालं, आणि अमुक पानावरचं हे वाक्य समजावून सांगा. तिसऱ्याची तयारी कोणी करत नाही. स्वतःच्या प्रकल्पातली दहा अवतरणं निवडा, त्यांच्या आधीचं आणि नंतरचं पान मूळ पुस्तकातून पुन्हा वाचा, आणि ती मोठ्याने वाचायचा सराव करा. उच्चार अडखळला की पुढचे प्रश्न आपोआप अवघड होत जातात. मूळ पुस्तक सोबत न्या, त्या दहा पानांवर कागदाच्या पट्ट्या लावून.